सुरकुत्या साच्यामुळे पडतात, पाण्यामुळे नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. द्राक्षबागेतल्या छाटणी टोळीसाठी कात्रीचे पंधरा-वीस चामडी पाऊच तुम्हाला फळछाटणीच्या आधी तयार करायचे आहेत. घरीच साचा केलात: १८ मिमी प्लायवूडमधून जिगसॉने कात्रीचा आकार कापला, आतला तुकडा ठोकळा म्हणून ठेवला आणि बाहेरची उरलेली फळी चौकट म्हणून. बाजारातून 'जाड चामडं' आणलं, रात्रभर गरम पाण्यात बुडवलं आणि सकाळी साच्यात घालून सी-क्लॅम्पने करकचून आवळलं. दुसऱ्या दिवशी उघडलं तर टोकाला जाड सुरकुत्या, कडेला काळे-निळे डाग, आणि पुढच्या दोन दिवसांत पाऊच निम्मा चपटा झाला. आता तुम्ही विचारताय की चामडं नक्की किती तास भिजवायचं, आणि कडक राहण्यासाठी वरून काय लावायचं.

दोन्हींची उत्तरं पुढे देते, पण नुसत्या त्यांनी तुमचं काम होणार नाही. तुमच्यासमोर तीन वेगळ्या अडचणी एकदम आल्यात म्हणून त्या एकच वाटतायत. सुरकुत्या साच्याच्या आकारातून आल्या आहेत. डाग लोखंडाचे आहेत. चपटेपणा एक तर चामड्याच्या जातीमुळे आला किंवा ओलसर असतानाच साच्यातून काढल्यामुळे. भिजवण्याच्या तासांचा या तिघांशी फारसा संबंध नाही.

आधी चामड्याचं बघू, कारण ते चुकीचं असेल तर साचा कितीही चांगला करा, उपयोग नाही. ओलं करून आकार दिलेला टिकतो तो वनस्पतीजन्य पदार्थांनी कमावलेल्या चामड्यात, ज्याला बाजारात 'व्हेज टॅन' म्हणतात. आपल्याकडे कोल्हापूर भागात बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावण्याची जुनी रीत आहे. कातड्याची पिशवी शिवून ती टांगतात आणि आत सालीचा अर्क भरतात. दक्षिणेत तरवडाची साल वापरत. अशा चामड्यात पाणी शिरलं की तंतू एकमेकांवरून सरकू लागतात, आणि पाणी गेलं की नव्या जागी घट्ट धरून बसतात. क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेलं चामडं मुळातच मऊ आणि लवचीक राहावं म्हणून केलेलं असतं. ते दाबलं तर दबतं, पण सुकल्यावर हळूहळू मूळ सपाटीकडे परत जातं.

तुमचं चामडं कोणतं, हे मला इथून दिसत नाही, पण एक खूण तुम्हीच दिली आहे. काळे-निळे डाग पडले, म्हणजे त्यात टॅनिन (साल-हिरड्यातला चामडं कमावणारा घटक) आहे. नुसत्या क्रोमच्या चामड्यावर लोखंडाचे असे डाग पडत नाहीत. भिजवलेलं पाणी चहासारखं तांबूस झालं असेल तर ती दुसरी खूण. तरीही खात्री करा. बाजारात असंही चामडं मिळतं जे आधी क्रोमने कमावलेलं असतं आणि नंतर वरून वनस्पतीजन्य अर्काने पक्कं केलेलं असतं. एक तुकडा धारदार रापीने (चामडं कापायच्या हत्याराने) कापून काप उजेडात बघा. आतपर्यंत एकसारखा तपकिरी रंग दिसला तर ठीक. मधोमध निळसर-राखाडी पट्टा दिसला तर ते क्रोमचं आहे, या कामाला घेऊ नका. दुसरी परीक्षा म्हणजे थेंबभर पाणी टाकून बघणं. थेंब मुरून जागा गडद व्हायला हवी, आणि त्या ओल्या जागी नखाने दाबल्यावर वण तसाच राहायला हवा. थेंब वरच्या वर घरंगळत असेल तर चामड्यावर रंगाचा किंवा पॉलिशचा थर आहे.

जाडी १.८ ते २.२ मिमीच्या दरम्यान घ्या. शेतात कमरेला राहणाऱ्या पाऊचला याहून पातळ टिकत नाही, आणि ३ मिमीचं चामडं घरच्या साच्यात टोकाला वळवणं फार कठीण. जनावराच्या अंगावरची जागाही बघा. पोटाकडचं चामडं सहज ताणतं पण सैल पडतं, पाठीचं सगळ्यात घट्ट आणि हट्टी. आकार देण्यासाठी मी खांद्याकडचं निवडते. म्हशीचं मिळालं तर चालेल, फक्त त्याचा पोत भरड असतो, त्यामुळे कडा बारीक आणि रेखीव उठणार नाहीत. कात्रीच्या पाऊचला त्याने काही बिघडत नाही.

आता साचा. तुमच्या कामातली खरी गाठ इथे आहे.

जिगसॉच्या पात्याने जेवढी फट पडते ती एक ते दीड मिमीची. तुमच्या ठोकळ्यात आणि चौकटीत तेवढीच जागा आहे, आणि तिथे तुम्ही २ मिमी चामडं बसवताय. चामडं आत सरकत नाही, चौकटीच्या धारेवर अडतं, मग क्लॅम्प आवळला की एका जागी ताणून पातळ होतं आणि दुसऱ्या जागी गोळा होतं. फट चामड्याच्या जाडीएवढी हवी, आणि ती ठोकळ्याच्या प्रत्येक बाजूला. म्हणजे २ मिमी चामड्यासाठी चौकटीतलं भोक ठोकळ्यापेक्षा एकूण ४ मिमी रुंद. आत्ताची चौकट आतून कानसून मोठी करता येईल, पण मी म्हणेन नवीच करा. ठोकळा फळीवर ठेवा, असा वॉशर घ्या ज्याच्या भोकापासून कडेपर्यंतचं अंतर साधारण २ मिमी आहे, भोकात पेन्सिलीचं टोक घाला आणि वॉशर ठोकळ्याच्या कडेने फिरवत न्या. हवी तेवढी बाहेर सरकलेली रेघ मिळते. त्या रेघेच्या आतून कापा आणि रेघेपर्यंत कानसा. मग त्याच चामड्याच्या दोन ओल्या पट्ट्या ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना लावून चौकट वरून दाबून बघा. ओलं चामडं थोडं फुगतं, म्हणून कोरड्या पट्टीवर चाचणी घेऊ नका. हाताच्या जोराने चौकट खाली गेली पाहिजे. हातोडी लागत असेल तर फट अजून कमी आहे.

सुरकुत्यांचं कारण मात्र फटीपेक्षाही टोकात आहे. उकडीच्या मोदकाची पारी डोळ्यांसमोर आणा. पारी वर उचलली की तिच्या काठाचा घेर कमी व्हावा लागतो, आणि जास्तीचं पीठ कुठेतरी जायला हवं म्हणून कळ्या पडतात. तुमच्या पाऊचच्या टोकाला नेमकं हेच होतंय. सरळ बाजूंवर चामडं नुसतं खाली वाकतं, तिथे काही जास्तीचं उरत नाही. टोकाच्या वळणावर मात्र बाहेरचा मोठा घेर आतल्या छोट्या घेरात मावायला हवा. ओलं चामडं दाबलं की थोडं आकसतं, म्हणूनच हे काम होऊ शकतं, पण त्या आकसण्याला मर्यादा आहे. वळण जितकं अरुंद आणि ठोकळा जितका उंच, तितकं जास्तीचं चामडं. तुम्ही पात्याच्या टोकाचा हुबेहूब निमुळता आकार घेतलात आणि उंची मात्र सगळीकडे सारखी १८ मिमी ठेवलीत. त्या टोकावर कितीही अनुभवी हात असले तरी सुरकुती पडेल.

उपाय कात्रीतच आहे. छाटणी कात्री जाड असते ती खिळीपाशी, जिथे दोन पाती जोडलेली असतात. टोकाकडे ती बरीच पातळ होते. मग ठोकळाही तसाच करा: खिळीपाशी पूर्ण उंची, तिथून टोकाकडे उतरत जाऊन शेवटी ८-१० मिमी. रंध्याने किंवा कानशीने ही उतरण अर्ध्या तासात होते. वरून पाहताना टोकाचा गोलवा किमान १२ ते १५ मिमी त्रिज्येचा ठेवा. ठोकळ्याने कात्रीची नक्कल करायची नसते. कात्री आरामात शिरेल आणि चामडं आनंदाने वळेल असा सोपा, फुगीर आकार त्याला द्यायचा असतो. पात्यांच्या मधली खाच, स्प्रिंगची जागा, कुलपाची कडी हे सगळं पुसून टाका. बाहेरची रेघ सगळीकडे बाहेरच फुगलेली हवी, आत गेलेला बाक कुठेही नको.

कडाही महत्त्वाच्या आहेत. ठोकळ्याची वरची कड ३-४ मिमी गोल करा. चौकटीच्या भोकाची खालची कड, जी चामड्याला आधी भिडते, ती २-३ मिमी गोल करा. धारदार राहिली तर ती चामडं सरकू देत नाही, वरचा गुळगुळीत थर कापतेसुद्धा. ठोकळ्याच्या उभ्या बाजूंना वर निमुळतं होणारा किंचित उतार द्या, दोन-तीन अंश पुरे. सुकताना चामडं आकसून ठोकळ्याला आवळून बसतं, उतार नसेल तर निघताना त्रास देतं. आणि पाऊचच्या तोंडाकडची बाजू चौकटीत बंद ठेवू नका. तिथे चौकट उघडी, इंग्रजी 'यू'सारखी असू दे, आणि ठोकळा पाऊचच्या तोंडाच्या रेघेपुढे १५-२० मिमी जाऊ दे. आकार एकसारखा येतो आणि जास्तीचा भाग नंतर कापता येतो.

माप घेताना टोळीतली सगळ्यात मोठी कात्री घ्या. सगळ्यांच्या एकाच मापाच्या नसतात. तिच्याभोवती सगळीकडून एखादा मिमी सैल ठेवा, कारण साच्यातून काढल्यावरही चामडं थोडं आकसतं.

लाकडाबद्दल. ठोकळ्यासाठी मी आंब्याचं किंवा शिसमाचं भरीव लाकूड घेते आणि चौकटीसाठी प्लाय, कारण वारंवार ओलं होणारी भरीव फळी वाकते. प्लाय घ्यायचा तर आयएस ७१० शिक्क्याचा मरीन घ्या. साधा कमर्शियल प्लाय पंधरा-वीस पाऊचच्या ओलीत पापुद्रे सोडू लागतो. चौकट १८ मिमीचीच असू दे. पातळ असली तर दोन क्लॅम्पच्या मध्ये वर उचलते आणि नेमकी तिथे चामड्याच्या काठाला लाट येते. एमडीएफ कापायला सोपा असला तरी कडेने पाणी पिऊन फुगतो, आणि फुगला की तुमची मोजून ठेवलेली फट गेली. कोणतंही लाकूड उघडं वापरू नका. सागातला तेलकटपणा आणि बाभळीचा रंग ओल्या चामड्यात उतरू शकतो. लाखेच्या फ्रेंच पॉलिशचे दोन-तीन हात द्या, पूर्ण सुकू द्या, वर थोडं मेण चोळा. जवसाचं तेल देऊ नका, ते चामड्यावर डाग पाडतं. ठोकळा खालच्या फळीवर बसवायला पितळी किंवा स्टेनलेस स्क्रू वापरा, लोखंडी खिळा नको.

आता तुमचा पहिला प्रश्न, किती भिजवायचं. साध्या किंवा किंचित कोमट पाण्यात, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. २ मिमीच्या चामड्याला सहसा काही मिनिटं पुरतात. रात्रभर पाण्यात ठेवलं तर टॅनिन पाण्यात उतरतं आणि चामड्याचा जीव कमी होतो. भिजवून झाल्यावर बाहेर काढा, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून दोन-तीन तास ठेवा म्हणजे ओल आतपर्यंत सारखी पसरते. मग बाहेर काढून वाट बघा. वरचा गडद रंग थोडा फिका पडू लागला, पण गालाला लावल्यावर अजून गार लागतंय, ही साच्यात घालायची वेळ. पाणी निथळत असताना दाबलं तर आकार उठतो पण कडा बसत नाहीत.

गरम पाण्याचा मोह टाळा. ओलं व्हेज टॅन चामडं साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान कायमचं आकसतं आणि ठिसूळ होतं. गीझरचं पाणी त्या हद्दीच्या बरंच जवळ जातं. काही लोक मुद्दाम कढत पाण्यात बुडवून चामडं कडक करतात. ती वेगळी कला आहे आणि तिच्यात माप हातात राहत नाही. सारख्या मापाचे वीस पाऊच करायचे असतील तर ती वाट नको.

साच्यात घालताना चौकट लगेच लावू नका. चामडं गुळगुळीत बाजू वर करून ठोकळ्यावर पसरा आणि खिळीच्या जागेपासून टोकाकडे अंगठ्यांनी दाबत जा. नखं आधी कापा, ओल्या चामड्यावर पडलेला नखाचा वण जात नाही. टोकाला आलात की घाई सोडा. जास्तीचं चामडं एकाच मोठ्या घडीत जमू न देता वळणावर सगळीकडे वाटून द्या. हाडाच्या किंवा लाकडाच्या गुळगुळीत पट्टीने बाहेरून आत, ठोकळ्याच्या बुडाकडे, चेपत राहा. मग चौकट ठेवा आणि क्लॅम्प अर्धेच आवळा. थांबा, बघा, टोकाला लाट उठली असेल तर चौकट उचलून पुन्हा चेपा. असं दोन-तीनदा करून मगच पूर्ण आवळा. सुरुवातीलाच करकचून आवळलं तर काठाचं चामडं जागीच अडकतं, आत सरकायला वाव उरत नाही. काठ सगळीकडे २५-३० मिमी ठेवा. त्याहून कमी असेल तर चौकटीतून निसटतो, फार रुंद असेल तर सरकायला विरोध करतो.

सुकवण्याबद्दल मी एक आकडा सांगू शकत नाही, कारण ते तुमच्या गावावर आणि महिन्यावर अवलंबून आहे. तुम्हाला हे फळछाटणीच्या आधी हवंय, आणि ती पावसाळा सरताना असते, म्हणजे काम पावसाळ्यात होणार. उन्हाळ्यात देशावर जे एका दिवसात सुकतं त्याला पावसात दोन-तीन दिवस लागतात, कोकणात त्याहून जास्त. आणि चौकटीखाली दोन्ही बाजूंनी लाकूड असल्यामुळे काठाची ओल तशीच राहते, तिथे बुरशी धरते. म्हणून मी रात्रभर चौकटीत ठेवते, सकाळी चौकट काढते, आणि पाऊच ठोकळ्यावर तसाच ठेवून पंख्याखाली सुकवते. ठोकळ्यावरून काढायची घाई करू नका. वरून कोरडं वाटलं तरी आतली बाजू ओलसर असते, आणि त्या अवस्थेत काढलं की आकार खाली बसून चपटा होतो. चामडं निळसर पट्ट्याचं निघालं नाही, तर तुमचा पाऊच चपटा होण्याचं कारण बहुधा हेच. उन्हात किंवा हेअर ड्रायरने सुकवू नका. जो भाग आधी सुकतो तिकडे टॅनिन ओढलं जातं आणि तिथे गडद ठिपके दिसतात. वीस पाऊच आणि एकच साचा असेल तर हिशेब असा करा: चौकट एक पुरेल, पण ठोकळे तीन-चार करून ठेवा.

काळे डाग. टॅनिन आणि लोखंड ओलीत एकत्र आले की काळं-निळं रसायन तयार होतं. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) मिसळून पूर्वी शाई करत, तीच ही क्रिया. तुमचे डाग कडेला आहेत, म्हणजे क्लॅम्पचे जबडे चामड्याला टेकले. मध्ये लाकडाचे तुकडे द्या. डाग बारीक ठिपक्यांसारखे आणि सगळीकडे असतील तर बोअरच्या पाण्यातलं लोह किंवा टेबलावरचा ग्राइंडरचा भुगा तपासा, आणि भिजवायला प्लास्टिकचं टब वापरा. हलका डाग लिंबाच्या रसाने फिका होतो. जास्त असेल तर अर्धा लिटर पाण्यात चहाचा एक चमचा ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवून बोळ्याने सगळ्या पृष्ठभागावर सारखं फिरवा, मग साध्या पाण्याने पुसा. हे विषारी आहे, हातमोजे घाला आणि मुलांपासून दूर ठेवा.

कडक राहण्यासाठी काय लावायचं, हा तुमचा दुसरा प्रश्न. बरोबर सुकलेला पाऊच मुळातच कडक असतो. पूर्ण सुकल्यावर मधमाशांचं मेण थोडं गरम करून हाताने चोळा, पावसाचं पाणी रोखायला तेवढं पुरे. गोडेतेलात किंवा खोबरेल तेलात भिजवायची सवय टोळीतल्या लोकांना असेल तर त्यांना आवर्जून थांबवा. तेलाने तंतू पुन्हा सैल होतात आणि आकार जातो.

शिवताना दोन गोष्टी. काठ कापून १०-१२ मिमी ठेवा, आणि पुढचा आकार दिलेला भाग व मागचा सपाट भाग यांच्यामध्ये चामड्याची एक जाड पट्टी घालून तिघांतून शिवा. ती नसेल तर पात्याची धार रोज टाक्यांवर घासते आणि एका हंगामात दोरा तुटतो. दोरा मेण लावलेला पॉलिस्टरचा घ्या, सुती दोरा ओलीत कुजतो. टोकाला ५-६ मिमीचं भोक ठेवा म्हणजे पाणी आणि माती खाली पडेल. रिव्हेट तांब्याचे किंवा पितळेचे.

पाऊच शिवून झाल्यावर कात्री लगेच आत घालू नका, आणखी दोन-तीन दिवस मोकळा ठेवा. आतली उरलेली ओल पात्यावर गंज चढवते. हंगाम संपल्यावर कात्री पाऊचमध्ये ठेवून खुंटीला टांगण्याची सवय असेल तर तीही बदलायला सांगा: कात्री पुसून, तेलाचं बोट फिरवून वेगळी, आणि पाऊच वेगळा.